साहेबाच्या छातीचा फोटो

"बाळाचे डॅडी कोण? तुम्हीच ना? मग बाहेर जा."

"मी थांबतो ना मावशी. तो मला ओळखतो."

"म्हणूनच जा. ओळखीचं माणूस दिसलं की यांचा तमाशा वाढतो."

डॅडी बाहेर गेले. मम्मी तर आधीच बाहेर जाऊन फोनवर रडत होत्या. टेबलावर राहिला बोका. घरातलं केस बांधायचं रबर त्यानं गिळलं होतं आणि आता ते पोटात कुठं अडकलंय ते बघायचं होतं. त्यासाठी खडू कालवल्यासारखं एक पांढरंफटक औषध पाजतात. ते पोटातून पुढं सरकत जातं आणि फोटोत उठून दिसतं, हाडाहूनही पांढरं. बोक्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच कळत होतं, की आपला जीव घ्यायला दोन बायका टपल्यात.

मावशीनं डाव्या हाताच्या कोपरात त्याची मान घेतली, उजव्या पंजात मागचे दोन्ही पाय गोळा केले, आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन ती अंगाईच्या सुरात म्हणाली, "गप रे मेल्या. गप रे मुडद्या. रबर खातोस? तुझ्या डॅडीनं खायला घातलं नाही का रे भिकारड्या?"

तिची ही पद्धत होती. शिव्या अस्सल, सूर मधाचा. जनावराला सूर कळतो आणि शब्द माणसाला कळतात, त्यामुळे तक्रार नेहमी माणसंच करायची. मागं एका बाईंनी काउंटरवर येऊन सांगितलं होतं, की तुमची ती मावशी आमच्या राणीला रांडेची म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी मावशीला विचारलं, तर ती म्हणाली, "म्हटलं. पण प्रेमानं."

डॉक्टरीणबाईंनी सुई नसलेली सिरिंज बोक्याच्या गालफडात सरकवली आणि औषध आत सोडलं. निम्मं बोक्यानं गिळलं. उरलेलं तोंडात साठवलं आणि मग नेम धरल्यासारखं मावशीच्या छातीवर फुर्रकन उडवलं.

"मावशी, किती गेलं आत?"

"निम्मं त्याच्यात, निम्मं माझ्यावर. माझाही फोटो काढून टाका हातासरशी."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि बाहेर गेल्या. बटण दाराबाहेर होतं. दार लागलं, वरचा लाल दिवा लागला, आणि आत उरले बोका आणि मावशी.

हे रोजचंच होतं. फोटो काढायची वेळ आली की सगळे बाहेर. पोटच्या पोरासारखं मानणारे बाहेर, शिकलेले बाहेर, नळ दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा पाना टाकून बाहेर. किरणं सगळ्यांना वाईट, फक्त मावशीला चालतात. धरायला कुणीतरी लागतंच ना! तिच्या अंगावर शिशाचा झगा असे, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत, एखादं शेळीचं करडू दिवसभर गळ्यात बांधून फिरावं इतका जड. छातीपाशी त्याला भेगा पडल्या होत्या आणि भेगांवर चिकटपट्ट्या होत्या. खिशाला एक बिल्ला होता. किती किरणं अंगावर आली ते म्हणे तो मोजतो. तो बिल्ला अधूनमधून तपासायला जाई आणि परत येई. काय निघालं ते मावशीला कुणी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. विचारून काय झगा नवा मिळणार होता?

या कामाला नाव नाही. दवाखान्याच्या दारावर डॉक्टरांचं नाव आहे, नावाखाली शिक्षण आहे. आत भिंतीवर चष्मा घातलेल्या कुत्र्याचं चित्र आहे आणि 'आम्ही एक कुटुंब' असं लिहिलेलं आहे. त्या कुटुंबात धरणारी कोण लागते? मावशी. म्हणजे कुणीच नाही. जिचं नाव लक्षात ठेवायची गरज नसते, तिला माणसं मावशी म्हणून मोकळी होतात.

ती इथं लागली ती फरशी पुसायला. एक दिवस एक दांडगा कुत्रा टेबलावरून घसरला, धरणारा माणूस हात चावून घेऊन पळाला, आणि मावशीनं फडकं टाकून कुत्र्याला मिठी मारली. कुत्रा शांत झाला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुठं शिकलात?"

शिकायचं काय त्यात? अर्ध्या अंगावरून वारं गेलेल्या सासऱ्याला तिनं न्हाणीघरात धरलं होतं. लेकीला सुई टोचताना तिनं धरलं होतं, कारण बापाला म्हणे बघवत नव्हतं. पिऊन आलेल्या त्याच बापालाही उंबऱ्यावर तिनंच धरलं होतं. धरायचं काम बायकांचं. बघवत नाही असं म्हणायचं काम पुरुषांचं. आता नवरा बसूनच असतो आणि घर हिच्या धरण्यावर चालतं.

मात्र एक गोष्ट तिच्या जिव्हारी लागायची. धरलेलं जनावर तिला कधी माफ करत नसे. डॉक्टरीणबाई सुई टोचतात आणि वर बिस्किट देतात. डॉक्टरीणबाई चांगल्या. मावशी नुसती धरते. मावशी वाईट. रस्त्यानं जाताना धष्टपुष्ट कुत्री तिला बघून शेपूट पोटात घालत, मालकाच्या पायांमागं लपत. एकदा एका खिडकीतलं मांजर तिला बघून फिस्कारलं आणि कुंडीसकट खाली आलं. परत दवाखान्यात. परत धरा.

बोक्याचा फोटो झाला. रबर पुढं सरकलं होतं, आपोआप पडणार होतं. मम्मी-डॅडी एकमेकांच्या गळ्यात पडले. मावशीनं झगा ओल्या फडक्यानं पुसला. घाईत पुसतात तसा, वरवर. कारण काउंटरवरच्या पोरीनं दारातून ओरडून सांगितलं होतं, "मावशी, झगा काढू नका! साहेब आलेत. श्वास लागलाय."

साहेब म्हणजे कुत्रा. पांढराशुभ्र, झुबकेदार, म्हातारा. त्याला घेऊन आलेले काका एका उंच कचेरीत लिफ्ट चालवायचे. सगळी नोकरी एका हातभर खोलीत उभं राहून वर-खाली करण्यात गेली. कुत्र्याचं नाव ऐकून कुणी हसलं तर ते सांगायचे, "जन्मभर ज्याला त्याला साहेब म्हटलं. एकानं मान वर करून बघितलं नाही. हा बघतो. मग साहेब कोण, सांगा तुम्हीच."

आज ते असलं काही बोलले नाहीत. साहेबाला पोटाशी धरून बाकावर बसले होते आणि साहेब भाता मारल्यासारखा धापत होता. तोंडातली लाळ छातीवरच्या केसांत झिरपत होती.

"कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"खोकला बरेच दिवस आहे. मला वाटलं वय झालं. मीपण खोकतोच की. काल जेवला नाही. रात्रभर असा बसून होता, कोपरं बाहेर काढून. आडवाच होईना."

डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून ऐकलं. खरखरीतून धड काही ऐकू येईना. "छातीचा फोटो काढू या. मावशी, घ्या त्याला."

काका सोडेचनात. "बाई, सांभाळून हं. त्याला परकं माणूस आवडत नाही."

"मी तर कुणालाच आवडत नाही काका. द्या इकडं."

तिनं साहेबाला उचललं आणि छातीशी घट्ट धरून आतल्या खोलीत नेलं. तो तिच्या झग्यावर तोंड घासत गुरगुरला. धाप लागलेली असतानाही गुरगुरला. मावशीला बरं वाटलं. गुरगुरणारं जनावर लवकर मरत नाही असा तिचा हिशेब होता.

"गप रे साहेबा. गप रे सुक्काळीच्या. मोठा आला साहेब! पगार किती रे तुला?"

कुशीवर घेतला, पुढचे पाय पुढं ओढले, मान कोपरात. लाल दिवा. झालं.

डॉक्टरीणबाई दारातून म्हणाल्या, "आता दुसरा, पालथा घालून."

नियम दोन फोटोंचा. एक कुशीवरून, एक पालथा किंवा उताणा. सपाट फोटोत आतलं-बाहेरचं एकावर एक दिसतं, दोन बाजूंनी बघितलं तर फसगत होत नाही. मावशीला हा नियम पाठ होता. पण साहेबाची जीभ निळसर दिसायला लागली होती आणि बरगड्या हाताखाली उडत होत्या.

"नको मॅडम. दमलाय तो. अजून दाबलं तर इथंच जाईल हातात. एक आलाय ना चांगला? पुरे."

डॉक्टरीणबाईंनी साहेबाकडं बघितलं, मावशीकडं बघितलं. मावशी असं उगाच म्हणत नाही हे त्यांना माहीत होतं. "बरं. प्राणवायू लावा त्याला."

नाकापुढं नळी धरल्यावर साहेब जरा निवला. डॉक्टरीणबाई पडद्यासमोर बसल्या, मावशीकडं पाठ करून, आणि ती पाठ हलेना. मावशीला ती पाठ वाचता यायची. पाठ अशी गप्प झाली की काय समजायचं ते तिला कळायचं.

काकांना आत बोलावलं. पडद्यावर साहेबाच्या बरगड्या, मध्ये फुफ्फुसाचा काळा भाग, आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके. वाटाण्याएवढे. विखुरलेले.

"काका, बसा. हे जे दिसतंय..."

"सांगू नका." काका उभेच होते. "ओळखतो मी. हिच्या फोटोत होते असे. असेच. डॉक्टरनं पेनानं दाखवले होते."

ही म्हणजे काकू. काउंटरवरच्या पोरीला माहीत होतं, मावशीला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. काकू गेल्या आणि मागं हा कुत्रा ठेवून गेल्या.

"नुसत्या फोटोवरून पक्कं म्हणता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आतला नमुना घेता येईल. मोठ्या दवाखान्यात पाठवून सीटी स्कॅन..."

"मग काय होईल?"

"नक्की काय आहे ते कळेल."

"कळून?" काकांचा आवाज चढला. "हिला सगळं कळलं होतं. नमुने घेतले, नळ्या घातल्या, भोकं पाडली. सगळं नक्की कळलं, आणि ती दिवसरात्र बसून होती. कोपरं बाहेर काढून. अशीच. मी हात जोडले हो सगळ्यांपुढं, की सोडवा हिला. माणसाला सोडवत नाहीत म्हणाले." त्यांनी साहेबाच्या डोक्यावर हात ठेवला. "याला तरी सोडवता येतं ना? मग सोडवा. आत्ता. घरी नेला तर माझा धीर होणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा समजावलं. एक दिवस थांबा म्हणाल्या, रात्रभर इथं ठेवू म्हणाल्या. काका ऐकेनात. जनावर तडफडत असताना मालकाला कायदे सांगायचे तरी किती? शेवटी त्या उठल्या आणि कपाटाकडं गेल्या.

या वेळीही धरायचं काम मावशीचंच. पायाची शीर सापडायला पाय स्थिर हवा. ती बाहेरच्या टेबलापाशी गेली. झगा काढून खुंटीला लावला, इथं किरणं नव्हती. काका स्टुलावर बसून साहेबाच्या तोंडाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटत होते. मावशीनं एका हातानं पुढचा पाय धरला, दुसरा हात छातीखालून घातला. अशा वेळी ती शिव्या देत नसे. गप्प राही. शिव्या जगणाऱ्याला द्यायच्या.

साहेबानं मान वळवून तिच्याकडं बघितलं. मघाशी कानात आलेला आवाज आता का येत नाही, असं काहीसं त्या डोळ्यांत होतं.

तिनं हात जरा सरकवला. छातीच्या केसांत बोटांना काहीतरी लागलं. खडा. बारीक, ठिसूळ. तिनं तो चिमटीत धरला, चुरला. पीठ झालं. शेजारी आणखी एक. त्याच्या पलीकडं लाळेनं ओले झालेले केस एकमेकांना चिकटून त्यांची गाठ झालेली. तिनं बोटं बाहेर काढून बघितली. पांढऱ्या कुत्र्याच्या पांढऱ्या केसांत जे दिसलं नव्हतं ते तिच्या काळ्या बोटांवर लख्ख दिसलं.

मावशीनं खुंटीकडं बघितलं. झग्याच्या छातीवर, चिकटपट्ट्यांच्या कडांना, भेगांत, बोक्याचं औषध वाळून बसलं होतं. ते मध्ये एका जागी पुसल्यासारखं गेलं होतं. साहेबाला छातीशी घेतला होता ना तिनं. घट्ट.

हाडाहूनही पांढरं.

आता खरं सांगायचं तर तिच्या मनात पहिल्यांदा साहेब आला नाही. पहिल्यांदा घर आलं. पुसायचं काम तिचं होतं, तिनं पुसलं नव्हतं. दुसरा फोटो नको तीच म्हणाली होती. हे बोललं की उद्या इथं यायचं कशाला? आणि गप्प बसलं, तर? तर काहीच नाही. कुत्रा म्हातारा होता, मालक तयार होता, सुई भरलेली होती. जगात कुणाला कधी कळलं नसतं. गप्प बसून सांभाळलेल्या नोकऱ्यांवर अर्धं जग चाललंय, आणि त्यातले बरेचजण रात्री गाढ झोपतात.

डॉक्टरीणबाई सुई घेऊन टेबलापाशी आल्या.

"धरलंय, मावशी?"

"नाही."

"काय?"

"धरलं नाही आणि धरणारही नाही. ठेवा ती सुई खाली." मावशीचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. तिनं बोटं पुढं केली. "हे बघा. याच्या छातीला आहे. बोक्याचं औषध. माझ्या झग्याचं लागलंय. मी नीट पुसला नव्हता."

डॉक्टरीणबाईंनी बोटं बघितली. मग साहेबाची छाती चाचपली. मग त्या पांढऱ्या पडल्या, आणि मग लाल.

"मावशी! अहो, तुम्हाला कळतंय का तुम्ही... मी आत्ता... आत्ता मी याला..." त्यांना वाक्य पुरं करता येईना. त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि ट्रे पार लांबच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"कळतंय," मावशी म्हणाली. "नंतर काय ते बोला. पण आधी दुसरा फोटो."

काका दोघींकडं आळीपाळीनं बघत होते. "काय झालं? मला कुणी सांगेल का?"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. काहीही न झाकता सांगितलं, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवायला हवं. ठिपके खरे असतील, नसतीलही. छातीच्या आत असतील किंवा नुसते केसांवर. धुऊन परत बघावं लागेल.

काका स्टुलावरून उठले. मावशीच्या समोर येऊन उभे राहिले. लिफ्टचं दार ओढून ओढून टणक झालेला हात त्यांनी वर उचलला आणि तो तसाच हवेत राहिला.

"बाई, आता मी तुम्हाला मारू का तुमच्या पाया पडू?"

"ते मागनं ठरवा. आधी त्याला धरा, मी पाणी आणते."

मग त्या मरायला टेकलेल्या कुत्र्याला त्यांनी आंघोळ घातली. प्राणवायूची नळी काउंटरवरच्या पोरीनं त्याच्या नाकाशी धरली, काकांनी त्याला उभा धरला, आणि मावशीनं कोमट पाण्यात फडकं बुडवून छातीचा एकेक झुबका साबणानं चोळून काढला. काकांना धरता येत नव्हतं. साहेब एकीकडं, काका दुसरीकडं.

"अहो काका, मिठी मारा. लिफ्टचं दार नाही ते."

"चावेल हो."

"मालकाला चावत नाही. मला चावेल. चाव रे मेल्या, चाव."

साहेबानं कान टवकारले. आवाज परत आला होता.

धुतल्यावर वाळवणं आलं. ओले केसही फोटोत उमटतात आणि फसवतात, आणि आज कुणाला फसायचं नव्हतं. टॉवेलनं टिपलं, मग गरम हवेचं यंत्र लावलं. ते घूं-घूं करत राहिलं. वाळता वाळेना.

त्या आवाजाआड डॉक्टरीणबाई मावशीच्या जवळ आल्या आणि हळू म्हणाल्या, "मावशी, धुतल्यावरही ठिपके राहिले तर? माणूस मन घट्ट करून बसला होता. आपण त्याला आशा लावली."

मावशीनं यंत्र साहेबाच्या दुसऱ्या कुशीकडं वळवलं. हा विचार तिला आला नव्हता असं नाही. तिनं काकांकडं बघितलं. ते आता काही पुटपुटत नव्हते. साहेबाच्या कानातलं पाणी आपल्या शर्टाच्या टोकानं टिपत होते. मघाशी निरोप देणारा माणूस असलं काही करत नव्हता. निरोप देणाऱ्याला कानात पाणी राहिलं काय, नाही राहिलं काय! हे मावशीनंच केलं होतं, आणि आता ते तिच्या अंगावर उलटलं तर झगा कितीही जाड असून उपयोग नव्हता.

झगाही धुतला. डॉक्टरीणबाईंनी स्वतः धुतला, भेगांत नखं घालून. मग कोरड्या कपड्यानं पुसून मावशीला घातला आणि मागचे बंद बांधले. बांधता बांधता त्या थांबल्या. "किती फाटलाय हा."

"आज दिसलं?" मावशी म्हणाली. तिला एवढं कडू बोलायचं नव्हतं. पण आलं तोंडातून, आणि तिनं ते परत घेतलं नाही.

लाल दिवा लागला. कुशीवरून एक. मग, "हळू, मावशी, हळू," करत पालथा एक. साहेबाला आता जरा दम धरवत होता. पालथा घातल्यावर तो असा काही गुरगुरला, की बाहेर काउंटरवरची पोरगी दचकली. मावशीनं गाल त्याच्या मानेवर टेकवला आणि शिव्यांची सगळी पोतडी त्याच्या कानात रिकामी केली. सासऱ्याला द्यायच्या राहिलेल्या, नवऱ्याला दिलेल्या, कुणाकुणापुढं गिळलेल्या. सगळ्या मधाच्या सुरात.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरीणबाई पडद्यासमोर बसलेल्या होत्या. पाठ गप्प होती.

मावशी साहेबाला छातीशी घेऊन दारातच उभी राहिली. काका भिंतीला टेकले होते, डोळे मिटून.

मग ती पाठ हलली. आधी खांदे खाली आले, मग डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हातांआडून म्हणाल्या, "स्वच्छ."

"काय?"

"स्वच्छ आहे! फुफ्फुसात एक ठिपका नाही. दोन्ही फोटोंत नाही. काका, इकडं या, बघा. हे काळं ना? हे सगळं काळंच हवं. इथं मुळाशी जरा धुरकट आहे, ते पाणी आहे, औषधानं उतरेल. हृदय मोठं झालंय त्याचं, फुगलंय, म्हणून खोकला, म्हणून धाप. गोळ्या लागतील, कायमच्या. मीठ बंद. पण आज नाही हो जात तो. आज नाही."

काकांनी पडद्याकडं बघितलं. "हृदय मोठं झालंय?"

"हो."

"ते तर आधीपासूनच होतं," काका म्हणाले, आणि भिंतीवरून घसरत खाली फरशीवर बसले. बसून ते मोठ्यानं रडले. काकू गेल्या तेव्हासुद्धा रडले नसतील असे रडले. साहेबाला काही ते बघवेना. तो मावशीच्या हातातून सुटायला धडपडू लागला. तिनं त्याला खाली ठेवला. तो धापत, लडखडत गेला आणि काकांच्या मांडीवर चढून बसला. मग तिथून मावशीकडं बघून गुरगुरला.

ना मारलं, ना पाया पडले. जाताना काका दारात थांबले आणि नुसतं म्हणाले, "बाई, घट्ट धरता हो तुम्ही."

संध्याकाळी मावशी फरशी पुसत राहिली. पुसलेलीच परत पुसत राहिली, कारण आता बोलावणं येणार हे तिला ठाऊक होतं. आलं.

"दुसरा फोटो नको तुम्ही म्हणालात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ऐकलं मी. ठिपके मी वाचले. सुई मी भरली. तुम्हाला काढायचं तर आधी मला काढावं लागेल, आणि दवाखाना माझाच आहे."

मावशी फडकं पिळत उभी राहिली.

"यापुढं तुम्ही कितीही नको म्हणा, फोटो दोनच. धाप असेल तर थांबून, पण दोन. आणि झगा प्रत्येक जनावरानंतर धुवायचा. नवा मागवलाय. दोन मागवलेत. एक माझ्यासाठी. दर वेळी एकट्या तुम्हीच का आत?"

इतक्या वर्षांत मावशीला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ती म्हणाली, "तुम्हाला धरता येतंय का?"

"शिकवा."

"शिव्या द्याव्या लागतात."

"त्या येतात मला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज तुम्हाला मनातल्या मनात पुष्कळ दिल्या."

त्यानंतर काही दिवसांनी मावशी सुट्टीच्या सकाळी दूध आणायला निघाली होती. समोरून काका येत होते. त्यांच्यापुढं, दोर ताणून, मान वर काढून साहेब चालला होता. केस विंचरलेले, चाल खरी साहेबाची. खोकला नव्हता.

कोपऱ्यावर साहेबाला तिचा वास लागला. तो जागच्या जागी थिजला. शेपूट खाली गेलं, ओठ वर गेले, आणि पोटातून एक लांबलचक गुरगुर निघाली. मग त्यानं दोराला असा हिसका दिला, की काका भेलकांडत रस्त्याच्या पार पलीकडं ओढले गेले.

"माफ करा हं बाई!" काका पलीकडून ओरडले. "ओळखलं नाही त्यानं तुम्हाला!"

"ओळखलंय! बरोब्बर ओळखलंय!" मावशी ओरडली.

साहेब काकांच्या पायांमागून तोंड काढून गुरगुरतच राहिला. मावशी दुधाचं भांडं कमरेला लावून उभी राहिली, रस्त्याच्या कडेला, ऊन अंगावर घेत.

"गुरगुर रे मेल्या," ती हळूच म्हणाली. "चांगला गुरगुर."

ते दोघं वळणाआड जाईपर्यंत आणि तो आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत ती तिथून हलली नाही.